वीस ओळींमधला मी

कोऱ्या कागदावर डावीकडे, एकाखाली एक, १ ते २० आकडे घालायचे. वर एकच प्रश्न लिहायचा: ‘मी कोण आहे?’ प्रत्येक आकड्यापुढे एक उत्तर. उत्तर दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच द्यायचं आहे असं समजून लिहायचं. सुचेल त्या क्रमानं आणि भराभर. महत्त्वाचं आधी की किरकोळ आधी, याचा विचार करत बसायचं नाही. वेळ बारा मिनिटं.

मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५४ साली ही चाचणी मांडली. साहित्य म्हणाल तर कागद आणि पेन, एवढंच. तरी माणूस स्वतःला इतरांच्या संदर्भात कुठे उभा करतो हे शोधायला निघालेले अभ्यासक आजही फिरून या कागदापाशी येतात. यात पर्याय छापलेले नसतात, हेच त्याचं बळ. ‘कुटुंब तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?’ असं विचारलं की कुटुंब आपण उत्तर देणाऱ्याच्या तोंडात घातलेलं असतं. इथे ते आलं तर त्याचं त्यानं आणलेलं असतं, आणि कितव्या ओळीवर आणलं हेही कळतं.

पहिल्या काही ओळी झरझर उतरतात. विद्यार्थी, मुलगी, वडील, शिक्षक, अमुक धर्माचा. मग पेन थबकतं. कून आणि मॅकपार्टलंड यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांचे कागद तपासले तेव्हा त्यांना उत्तरांचे दोन थर दिसले. पहिल्या थरातली उत्तरं कुणालाही पडताळता येतात. दुसऱ्या थरातली लिहिणाऱ्यानं उलगडून सांगितल्याशिवाय कळत नाहीत: सुखी, कंटाळलेला, चांगली बायको. बहुतेक जण पहिला थर संपेपर्यंत दुसऱ्यात उतरत नाहीत, आणि एकदा उतरले की सहसा परत वर येत नाहीत. माणसामाणसांत फरक पडतो तो पहिला थर कितव्या ओळीला संपतो यात. कुणाचा तिसऱ्यालाच आटतो, कुणाचा पंधराव्यापर्यंत पुरतो.

मराठीत ही चाचणी करायची तर आधी एक गोष्ट सांभाळावी लागते, आणि ती सांभाळली नाही तर निम्मा माणूस कागदाबाहेर राहतो. बरेच जण सोय म्हणून प्रत्येक ओळीवर ‘मी ……… आहे’ असं छापून देतात. इथेच गडबड होते. आपल्या भाषेत मनात घडणाऱ्या कितीतरी गोष्टींना ‘मी’ चालतच नाही, ‘मला’ लागतं. मला राग येतो, मला आवडतं, मला भीती वाटते, मला आठवतं, मला जमत नाही. राग बाहेरून येतो, भीती वाटते, आठवण होते. मी तिथे कर्ता नसतो, ते सगळं माझ्यापाशी येऊन ठेपतं. ‘मी ……… आहे’ या साच्यात ‘मला लवकर राग येतो’ बसवायला गेलं की त्याचं ‘मी रागीट आहे’ होतं. या दोन वाक्यांमध्ये मोठं अंतर आहे. पहिल्यात राग पाहुणा आहे, दुसऱ्यात तो घरचा झाला. मोजणाऱ्याच्या वहीत मात्र दुसरं वाक्य ‘स्वभावगुण’ म्हणून पडतं आणि पुढे निष्कर्ष निघतो की मराठी माणसं स्वतःकडे गुणांचा गठ्ठा म्हणून पाहतात. तो निष्कर्ष माणसांचा नसतो, छापील साच्याचा असतो. म्हणून आकडा घालावा आणि पुढची ओळ पूर्ण मोकळी सोडावी.

दुसरी अडचण निनावीपणाची. नाव लिहू नका म्हटलं तरी ‘मी खूप बोलते’, ‘मी सगळ्यांत मागे राहतो’ अशा वाक्यांत क्रियापद लिंग सांगून मोकळं होतं. ज्या भाषांमध्ये ‘मी बोलतो’ आणि ‘मी बोलते’ एकच आहे, तिथे हे घडत नाही. मोजणाऱ्याला लिहिणारा पुरुष की बाई हे ठाऊक झालं की ‘हळवी’ आणि ‘हळवा’ यांच्याकडे तो एकाच नजरेनं बघेल याची खात्री नाही. यावर उपाय म्हणजे तिसऱ्याच कुणीतरी सगळी वाक्यं एकाच लिंगात उतरवून काढायची आणि मगच मोजणाऱ्याच्या हाती द्यायची. काम कंटाळवाणं आहे, पण करावं.

आता मोजणी. पाच ढीग पुरतात. पहिल्यात निखळ गुण: हट्टी आहे, मेहनती आहे. दुसऱ्यात नाती आणि भूमिका: थोरली मुलगी, दोन मुलांचा बाप, शिक्षिका. तिसऱ्यात गट: धर्म, भाषा, देश. चौथ्यात संदर्भ जोडलेले गुण: ‘घरी गप्प असतो’, ‘मैत्रिणींमध्ये खुलते’. पाचव्यात उरलेलं सगळं: आवडीनिवडी, इच्छा, ‘आत्ता झोप येतेय’, ‘मी माणूस आहे’. प्रत्येक ढिगातल्या ओळींना त्या माणसाच्या एकूण ओळींनी भागायचं. वीसनं नाही भागायचं, कारण खूप जण बारा-चौदा ओळींतच थांबतात आणि मग कमी लिहिणारा उगाच ‘कमी नातीवाला’ ठरतो.

घोळ होतो तो सीमेवरच्या वाक्यांत. ‘मी चांगला मुलगा आहे’ हे कुठे टाकायचं? ‘चांगला’ हा गुण, ‘मुलगा’ हे नातं. ज्याला गुण मोजायचे आहेत तो गुणांत टाकतो, ज्याला नाती मोजायची आहेत तो नात्यांत. म्हणून मोजणी सुरू होण्याआधी नियम लिहून ठेवायचा: ज्याच्या नजरेत चांगलं ठरायचं असा कुणी ठरलेला माणूस वाक्यात दडलेला असेल तर ते नात्यांत. दोन माणसांनी वेगवेगळं बसून तेच कागद तपासायचे आणि मग जुळवून बघायचं. दहातली दोनाहून जास्त वाक्यं जुळत नसतील तर दोष मोजणाऱ्यांचा समजू नये, ढिगांच्या व्याख्याच ढिल्या आहेत. त्या घट्ट करून पहिल्यापासून मोजायचं.

इतकं केलं की हाती काहीतरी लागतं. आणि जे लागतं ते थक्क करणारं असतं. व्हॉन मा आणि थॉमस शोनमन यांनी १९९७ मध्ये केनियातली आणि अमेरिकेतली उत्तरं शेजारी ठेवली. मसाई आणि सांबुरू या केनियातल्या पशुपालक जमातींच्या लोकांच्या दहा वाक्यांपैकी आठ किंवा त्याहून जास्त वाक्यं नात्यांची, भूमिकांची, गटाची निघाली. अमेरिकी विद्यार्थ्यांमध्ये हेच प्रमाण आठात एखादं होतं. पण खरी बघण्यासारखी गोष्ट या दोन टोकांच्या मधे होती. नैरोबीतल्या विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी अमेरिकी विद्यार्थ्यांच्या अगदी जवळ आले होते आणि त्याच शहरातले नोकरदार मधोमध. म्हणजे देश एक, शहर एक, तरी ‘मी’ लिहिण्याची रीत वेगळी. शिक्षण, शहर, पगार आणि तासन् तास एकट्यानं परीक्षा देण्याची सवय माणसाच्या ‘मी’वर काय करते, हे त्या आकड्यांमध्ये दिसतं. संस्कृती म्हटलं की आपण लगेच नकाशा काढतो. इथे तो नकाशा पुरत नाही.

याआधी, १९९१ साली, हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी या विषयाला जे चित्र दिलं ते आजही शिकवलं जातं. मधे एक वर्तुळ, म्हणजे ‘मी’. भोवती आई, वडील, भावंड, मित्र, सहकारी यांची वर्तुळं. एका आकृतीत मधलं वर्तुळ ठसठशीत रेषेचं, इतरांना न भिडलेलं, आणि माणसाबद्दलच्या ठळक गोष्टी दाखवणाऱ्या फुल्या त्या वर्तुळाच्या आत. हा स्वतंत्र ‘मी’. दुसऱ्या आकृतीत मधली रेषा तुटक, भोवतालची वर्तुळं तिच्यावर चढलेली, आणि ठळक फुल्या जिथे दोन वर्तुळं एकमेकांवर येतात त्या पाकळ्यांमध्ये. हा परस्परावलंबी ‘मी’. त्या फुल्यांची जागा नीट बघावी. दुसऱ्या आकृतीतल्या माणसाला स्वतःचं असं काही नाही, असं ती म्हणत नाही; आतल्या फुल्या तिथेही आहेत. त्याला स्वतःबद्दल जे सर्वांत खरं वाटतं ते आईबरोबरच्या पाकळीत एक आहे आणि सहकाऱ्याबरोबरच्या पाकळीत दुसरं, एवढंच तिचं म्हणणं आहे.

याचा सुरेख पुरावा स्टीव्ह कझन्स यांच्या १९८९ च्या कामात आहे. त्यांनी जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना नेहमीचा वीस ओळींचा कागद दिला. अमेरिकी मुलांनी निखळ गुण कितीतरी जास्त लिहिले. इथपर्यंत अपेक्षित. मग त्यांनी कागद बदलला आणि विचारलं: घरी तुम्ही कसे असता? शाळेत कसे? जवळच्या मित्रांत कसे? आता पारडं फिरलं. जपानी मुलांनी निखळ गुण अमेरिकी मुलांपेक्षा जास्त लिहिले, आणि अमेरिकी मुलं ‘कधी कधी’, ‘बहुतेक वेळा’ अशी शेपटं जोडू लागली. जपानी मुलांना स्वतःच्या स्वभावाबद्दल ठाम बोलता येत नाही, अशातला भाग नव्हता. मोकळ्या हवेत लटकणारा ‘मी कोण’ हा प्रश्नच त्यांना अर्धवट वाटत होता. कुठे कोण, कुणाजवळ कोण, हे सांगितल्यावर उत्तर तयार होतं.

मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. ‘मी कोण’ या प्रश्नाला माणूस उत्तर देतो तेव्हा प्रश्न कोण विचारतंय आणि ऐकायला कोण आहे हे त्यानं मनात आधीच धरलेलं असतं. कागदावर ते लिहिलेलं नसेल तर तो आपल्या सवयीनं ते भरून घेतो. संस्कृतीचा मोठा भाग या न लिहिलेल्या जागेत राहतो.

जागा भरून दिली की उत्तर किती पटकन हलतं तेही तपासून झालेलं आहे. ट्रॅफिमो, ट्रायंडिस आणि गोटो यांनी १९९१ मध्ये काहींना वीस ओळी लिहिण्याआधी फक्त दोन मिनिटं विचार करायला सांगितलं: घरच्यांपेक्षा आणि मित्रांपेक्षा तुम्ही कशात वेगळे आहात? काहींना उलट: त्यांच्याशी तुमचं काय जुळतं? दुसऱ्या प्रश्नानंतर नात्यांच्या आणि गटांच्या ओळी वाढल्या. अमेरिकी विद्यार्थ्यांच्याही वाढल्या आणि चिनी विद्यार्थ्यांच्याही. दोन मिनिटं! म्हणून या चाचणीच्या आधी काय ठेवता याला फार जपावं लागतं. आधी कुटुंबाची माहिती भरून घेतली आणि मग वीस ओळी दिल्या, तर नाती ओसंडून येतील. ती तुम्हीच पेरलेली असतील. माहितीचा अर्ज नेहमी नंतर.

खोलीत कोण आहे यानंही फरक पडतो. विल्यम मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये शाळकरी मुलांना मोकळेपणानं स्वतःबद्दल सांगायला लावलं, तेव्हा आपला वांशिक गट सांगणारी मुलं जास्त करून ती होती जी वर्गात संख्येनं थोडी होती. जे सगळ्यांजवळ आहे ते कुणी लिहीत नाही. बहुसंख्य गटातला माणूस ‘मी आधी माणूस, मग बाकी सगळं’ असं लिहितो आणि थोड्यांतला माणूस दुसऱ्याच ओळीला गटाचं नाव लिहितो, तेव्हा पहिल्याला उदार आणि दुसऱ्याला संकुचित ठरवण्याची घाई फार वाईट. पहिल्याला त्याचा गट रोज कुणी आठवून देत नाही. दुसऱ्याला दिवसातून अनेकदा देतात. जागा बदला, ओळी बदलतील.

वीस ओळींना फाटा देऊन सरळ एक ते सात गुण देणारी प्रश्नावली वापरण्याचा मोह होतो. ‘मी वडीलधाऱ्यांचं मत विचारून निर्णय घेतो: अजिबात नाही – पूर्णपणे.’ मोजायला सोपी, पण तिच्यात एक फसवी फट आहे. स्टीव्हन हाइन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ती उघड केली. गुण देताना प्रत्येक जण आपली तुलना आपल्या आजूबाजूच्यांशी करतो. ज्या समाजात सगळेच दहातले नऊ निर्णय विचारून घेतात, तिथे आठ विचारणारा स्वतःला मोकळा समजून तीन गुण देतो. जिथे सगळे दोनच विचारतात, तिथे चार विचारणारा सहा गुण देतो. सरासरी काढली की दोन समाजांतला खरा फरक पुसला जातो, कधी उलटाही दिसतो. यावर उतारा म्हणजे मत न विचारता मोजता येणारी गोष्ट विचारायची: गेल्या महिन्यात तुम्ही घेतलेले तीन मोठे निर्णय लिहा, प्रत्येकापुढे आधी कुणाकुणाला विचारलं ते लिहा.

शब्दच टाळायचे असतील तर वर्तुळं आहेत. आपण आणि आपले मित्र, प्रत्येकासाठी एक वर्तुळ काढा, ओळखीच्यांना रेषेनं जोडा, एवढंच सांगायचं. आकाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. नंतर पट्टीनं व्यास मोजायचे आणि स्वतःच्या वर्तुळातून मित्रांच्या वर्तुळांची सरासरी वजा करायची. कितायामा आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या मोजणीत अमेरिकी लोकांनी स्वतःला सुमारे ६ मिलीमीटरनं मोठं काढलं, पश्चिम युरोपातल्यांनी त्याहून कमी, आणि जपानी लोकांनी इतरांपेक्षा किंचित लहान. वर्तुळात पूर्ण नाव मात्र लिहू द्यायचं नाही. लांब नावाच्या मित्राचं वर्तुळ त्या नावापुरतंच फुगतं. आद्याक्षर पुरे.

आणि एवढं सगळं करून ‘अमुक देशातली माणसं स्वतंत्र, तमुक देशातली परस्परावलंबी’ अशा दोन कप्प्यांत जग टाकून दिलं तर सगळी मेहनत वाया. डॅफ्ना ऑयसरमन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र मांडले तेव्हा देशादेशांतले फरक होते, पण लोक समजत होते तितके मोठे आणि सरसकट नव्हते. व्हिवियन विन्योल्स आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘मी’चे दोन नव्हे, सात वेगळे पैलू दाखवले: वेगळं दिसावंसं वाटणं की मिळून जावंसं वाटणं, निर्णय स्वतः घेणं की इतरांच्या कलानं घेणं, सगळीकडे सारखं वागणं की माणूस बघून वागणं, मन मोकळं करणं की सलोखा जपणं, आणि असेच आणखी. एकच माणूस निर्णय विचारून घेतो आणि तरी मनात येईल ते तोंडावर बोलतो. अशी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत; कप्प्यांच्या ओळखीची नाहीत.

पेनांचा प्रयोग इथे आठवतो. १९९९ मध्ये हीजुंग किम आणि हेझल मार्कस यांच्या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर लोकांना प्रश्नावली भरल्याबद्दल पाच पेनं पुढे करून एक घ्यायला सांगितलं. पाचांत एका रंगाची कमी, दुसऱ्या रंगाची जास्त. युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकी बहुतेकांनी कमी असलेलं उचललं, पूर्व आशियाई लोकांपैकी बहुतेकांनी जास्त असलेलं. निष्कर्ष निघाला की एकाला वेगळेपण हवंसं वाटतं, दुसऱ्याला एकरूपता. पुढे २००८ मध्ये तोशिओ यामागिशी आणि सहकाऱ्यांनी अशाच निवडीत एक वाक्य जोडून बघितलं. तुम्ही पाच जणांत पहिले निवडणार आहात, असं सांगितलं की अमेरिकी माणूसही एकुलतं एक पेन सोडून देऊ लागला, कारण मागच्यांसाठी ते ठेवायला हवं. तुम्ही शेवटचे आहात असं सांगितल्यावर जपानी माणूसही ते एकुलतं पेन बिनदिक्कत घेऊ लागला. फरक उरला तो काहीच न सांगितलेल्या वेळी. मागे कुणी आहे की नाही हे ठाऊक नसताना एक जण ‘असेल’ धरून वागतो, दुसरा ‘नसेल’ धरून. पेनाची आवड दोघांचीही सारखीच असेल.

वीस ओळींच्या कागदावर ‘उत्तर स्वतःलाच द्या’ अशी सूचना असते, तिचंही तसंच होतं. एकटं बसून लिहितानाही कुणाच्या मागे कुणी उभं असतं, कुणाच्या नसतं.

मराठीनं या गोष्टीसाठी एक शब्द ठेवला आहे आणि तो मोजणाऱ्यांची पुरती परीक्षा बघतो. ‘आपण’. ऐकणाऱ्याला वगळायचं असेल तर ‘आम्ही’, धरायचं असेल तर ‘आपण’. ही वाटणी कित्येक भाषांत नाही. पण ‘आपण’ तिथे थांबत नाही. ‘आपण बसावं’ म्हणताना तो समोरचा आदरणीय माणूस असतो. ‘तिला वाटलं, आपण चुकलो’ यात तो स्वतः असतो. ‘आपण कितीही ठरवलं तरी शेवटी होतं तेच होतं’ यात जगातलं कुणीही. आणि ‘आपण नाही घाबरत कुणाला’ असं छाती पुढे काढून म्हणणाऱ्याच्या तोंडी तो निव्वळ ‘मी’. वीस ओळींत एखाद्यानं लिहिलं, ‘आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात’, तर ते कुठल्या ढिगात टाकणार? मी म्हणेन की सहावा ढीग करावा, त्यावर ‘आपण’ असं लिहावं, आणि त्यातली वाक्यं मोजण्याऐवजी वाचावीत.

ही चाचणी घरच्या घरी करायची तर एका कागदावर थांबू नये. आठवड्यानं दुसरा भरावा, पहिला न बघता, आणि या वेळी मनात ठरवून एक वाचणारा धरावा: कामावरचा वरिष्ठ, किंवा लहानपणचा मित्र, किंवा मूल. दोन्ही कागदांवर तारीख घालावी. शेजारी ठेवले की कुठल्या ओळी दोन्हीकडे आहेत आणि कुठल्या वाचणारा बदलल्यावर गळाल्या ते दिसतं. शब्द बदलला पण मजकूर तोच असेल तर ती ओळ कायम धरावी. ‘चिकट’ आणि ‘चिकाटीचा’ यांत मात्र मजकूर बदललेला आहे.

तिसरा कागद जवळच्या माणसाला द्यावा. त्यानं वीस ओळी स्वतःबद्दल नाही, आपल्याबद्दल लिहायच्या. तो लिहून होईपर्यंत त्याला आपले कागद दाखवू नयेत, नाहीतर तो जुळवून घेतो. या कागदात आणि आपल्यात सर्वांत मोठी तफावत कुठे पडेल याचा अंदाज सिमीन वझिर यांच्या २०१० च्या कामावरून करता येतो. आतली घालमेल, काळजी, भीती यांबद्दल माणूस स्वतः जास्त बरोबर सांगतो, कारण ती बाहेरून दिसत नाही. हुशारी किंवा कल्पकता यांसारख्या, ज्यांत आपली प्रतिष्ठा गुंतलेली असते अशा गुणांबद्दल जवळचे लोक जास्त बरोबर सांगतात. म्हणून ‘घाबरट’ हे त्याच्या यादीत नसेल तर आपलं खरं धरावं, आणि ‘कल्पक’ ही ओळ फक्त आपल्याच कागदावर असेल तर तिच्यापुढे पेन्सिलनं एक बारीक खूण करून ठेवावी.